पंडिता रमाबाई : भुकेची आठवण

केडगावच्या मुक्तिसदनाचे नाव ज्याने ऐकिले नाही, असा मनुष्य आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत विरळा. परंतु ते सदन स्थापणाऱ्या पंडिता रमाबाई स्वतः एके काळी अन्नावाचून मरणाच्या दारी पोहोचल्या होत्या, हे पुष्कळांस ठाऊक नसते. बाईंच्या विद्वत्तेविषयी आजवर बहुत लिहिले गेले आहे. येथे त्यांच्या दुःखाविषयी, आणि प्रभूने त्या दुःखाचे काय केले याविषयी, थोडे सांगावयाचे आहे.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे थोर संस्कृत पंडित. त्यांनी आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले म्हणून पंडितमंडळी रुष्ट झाली. तरी ते डगमगले नाहीत, आणि पुढे त्या माउलीनेच रमेस विद्या दिली. द्रव्य सरल्यावर हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरू लागले. अशात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. हाताने काम करण्याची कुणास सवय नाही, भीक मागावयास कुळाचा अभिमान आड येतो, अशी त्यांची गत झाली. होते नव्हते ते विकले. शेवटी झाडपाला खाऊन दिवस काढिले. १८७४ साली वडील वारले. थोड्याच महिन्यांत आई अंथरुणास खिळली. तिच्याकरिता भाकरीचा तुकडा मागावयास रमा एका घरी गेली, पण लाजेने तोंडातून शब्द फुटेना, नुसते अश्रू वाहू लागले. त्या घरच्या बाईने दयेने भाकरी दिली. परंतु आईस ती गिळवेना. आई गेली तेव्हा तिरडीस खांदा देणारी माणसे पुरी मिळाली नाहीत. चौथी रमाच झाली, आणि ठेंगणी असल्यामुळे तिला तो भार डोक्यावर वाहावा लागला. पुढे वडील बहीणही गेली. उरलेली दोघे भावंडे हजारो मैल पायी हिंडली. थंडीत पांघरूण नसे, म्हणून नदीकाठी वाळूत खड्डे करून त्यांत अंग पुरून रात्र काढीत.

१८७८ साली ती कलकत्त्यास आली. तेथील विद्वानांनी रमाबाईंस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. मान मिळाला; मात्र मागचे घाव मानाने बुजले नाहीत. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातिबंधन मोडून विवाह केला. तेही १८८२ साली पटकीने गेले. चोविसाव्या वर्षाच्या आत आई, बाप, बहीण, भाऊ व पती ही सर्व गेली, आणि कडेवर मनोरमा ही तान्ही मुलगी राहिली.

सिलचर येथे पतीच्या पुस्तकांत त्यांस बंगाली भाषेतील लूककृत शुभवर्तमान सापडले होते. पुढे पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढिला आणि १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या. लंडनजवळ फुलहॅम येथे त्यांनी एक नवल पाहिले : जगाने टाकून दिलेल्या पतित स्त्रियांस ख्रिस्ती भगिनी मायेने सांभाळीत होत्या. तेथे शोमरोनी स्त्रीची कथा त्यांच्या वाचनात आली, आणि हा ख्रिस्त खरोखर तारणारा आहे अशी त्यांच्या बुद्धीची खात्री झाली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

आमचे उपदेशक बंधू येथे क्षणभर थांबतील तर बरे. बाप्तिस्मा झाला, तरी बाईंच्या मनास शांती मिळाली नव्हती. हे त्यांनी स्वतःच पुढे उघड कबूल केले. अमेरिकेत जाऊन त्यांनी मदत मिळविली, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस विधवांकरिता शारदासदन उघडले, रात्रंदिवस कष्ट केले. तरी आत तहान राहिलीच. पुढे १८९१ च्या सुमारास एका इंग्रज पाळकाचे आत्मचरित्र वाचीत असता त्यांस उमगले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण प्रत्यक्ष ख्रिस्त आपणास अद्याप गवसला नाही. तेव्हा आपली सारी विद्या व पुण्याई बाजूस ठेवून, जशा होत्या तशा, त्यांनी स्वतःस प्रभूच्या हाती दिले. त्या घडीपासून त्यांचे चित्त निवाले.

घाव बरा झाला म्हणजे आठवण पुसली गेली, असे मात्र नव्हे. १८९६ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडल्याचे कळले, तेव्हा आपली जुनी उपासमार त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. पूर्वी जी आठवण त्यांस जाळीत असे, तिनेच त्यांस आता आगगाडीत बसविले. गरीबखान्यांतून त्यांनी हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहिल्या, आणि उपाशी पोरींस फसवून नेणारी दुष्ट माणसेही पाहिली. सुमारे तीनशे मुली त्यांनी आणविल्या. पुण्यात प्लेगामुळे त्यांस ठेवण्याची मनाई झाली, म्हणून केडगावच्या शेतावर तंबू ठोकून त्यांची सोय केली. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तिकडूनही शेकडो आल्या व मुक्तिसदनातील माणसे दोन हजारांच्या घरात गेली. हे काम नुसते गोड नव्हते. कित्येक मुली रोगाने जर्जर, कित्येक हट्टी व संशयी. कित्येक तर अन्न मिळूनही वाचल्या नाहीत. सुंदराबाई पवार यांच्यासारख्या सोबतिणी होत्या म्हणून निभाव लागला.

आणखी एक गोष्ट. आपल्या आईबापांस हाताचे काम ठाऊक नव्हते, म्हणून घरावर काय प्रसंग आला हे बाई विसरल्या नाहीत. मुक्तीत प्रत्येक मुलीस काही ना काही धंदा येई : शेती, विणकाम, छपाई. याच मुलींनी पुढे बाईंच्या हातच्या भाषांतराचे खिळे जुळविले. खेड्यातील बाईसही समजावे अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्र आणावे, म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या होत्या. कानांनी ऐकू येईनासे झाले होते. १९२१ साली उजवा हात झालेली मनोरमाही देवाघरी गेली, तरी लेखणी थांबली नाही.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूमध्ये निजल्या. त्यांचे संपूर्ण पवित्र शास्त्र १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले.