माहितीला माप देणारा शास्त्रज्ञ : क्लॉड शॅनन

फुलसावंगी (जि. यवतमाळ) : महागाव तालुक्यातील या गावात कापूस क्विंटलवर मोजला जातो आणि क्विंटल म्हणजे शंभर किलो, हे कोणाला सांगावे लागत नाही. त्याच गावात मोबाईलवरील इंटरनेट जीबीवर विकत घेतले जाते. त्याचा वेग मात्र एमबीपीएसमध्ये सांगितला जातो. ही दोन मापे एकाच जातीची समजली, की हिशेब आठपट चुकतो. या सर्व मापांच्या मुळाशी असलेल्या ‘बिट’ला शास्त्राचे अधिष्ठान देणारे गणितज्ञ म्हणजे क्लॉड एलवुड शॅनन.

शॅनन यांचा जन्म ३० एप्रिल १९१६ रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात झाला. गेलॉर्ड या छोट्याशा गावात त्यांचे बालपण गेले. वडील न्यायाधीश व व्यावसायिक, तर आई शिक्षिका होती. लहानग्या क्लॉडने शेताच्या काटेरी कुंपणाची तार वापरून सुमारे अर्ध्या मैलावरील मित्राच्या घरापर्यंत तारायंत्र जोडले होते. संदेश तारेतून कसा जातो, हे कुतूहल पुढे त्यांची आयुष्यभर सोबत करीत राहिले.

मिशिगन विद्यापीठातून १९३६ मध्ये विद्युत अभियांत्रिकी आणि गणित अशा दोन पदव्या घेऊन ते एमआयटी या संस्थेत दाखल झाले. अवघ्या एकविसाव्या वर्षी, १९३७ मध्ये, लिहिलेल्या प्रबंधात त्यांनी विजेच्या मंडलातील ‘चालू-बंद’ स्थितीला जॉर्ज बूल यांच्या तर्कगणिताची जोड दिली. संगणकाच्या मंडलांची रचना आजही याच विचारावर आधारलेली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बेल प्रयोगशाळेत त्यांनी गुप्तलेखनावर काम केले.

१९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दीर्घ निबंधाने माहितीशास्त्राचा पाया घातला. संदेशाचा अर्थ काहीही असो, त्यातील माहिती मोजता येते, हा त्यातील क्रांतिकारक विचार होता. नाणेफेकीचा छापा-काटा कळणे म्हणजे एक बिट माहिती. जुन्या रुपयाच्या सोळा आण्यांपैकी मनात धरलेला आणा ओळखायचा असेल, तर दरवेळी शक्यता निम्म्या करणारे चार ‘हो-नाही’ प्रश्न पुरतात. ती माहिती चार बिट. हा शब्द सहकारी जॉन ट्युकी यांनी सुचविल्याचे शॅनन यांनी त्याच निबंधात नमूद केले. प्रत्येक वाहिनीची वहनक्षमता ठरलेली असते आणि त्या मर्यादेत संदेश जवळजवळ निर्दोष पोहोचविता येतो, हेही त्यांनी सिद्ध केले.

‘बाइट’ हा शब्द मात्र नंतरचा. तो १९५६ मध्ये आयबीएममधील वर्नर बुखोल्झ यांनी रूढ केला. पुढे आठ बिटांचा एक बाइट हे प्रमाण स्थिरावले. साठवण बाइटमध्ये आणि वहनाचा वेग बिटमध्ये सांगण्याची प्रथा पडली. इंग्रजी लिपीतील मोठा ‘बी’ बाइटचा, छोटा ‘बी’ बिटचा. त्यामुळे ८ एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला ८ नव्हे, १ मेगाबाइट माहिती उतरते. ७०० मेगाबाइटचा चित्रपट दीड मिनिटात येईल या आशेने बसलेल्याला पूर्ण वेग मिळाला तरी साडेअकरा मिनिटांहून अधिक थांबावे लागते. दुसरा घोळ हजाराचा. डिस्क तयार करणारे दर पायरीला १००० ने गुणतात. अनेक संगणक १०२४ ने भागतात. म्हणून १ टेराबाइटची डिस्क पडद्यावर सुमारे ९३१ जीबीच दिसते. दुकानदाराने फसविलेले नसते. मोजण्याची पायली वेगळी असते. हा गोंधळ टाळण्यासाठी १०२४ च्या पटीतील मापांना १९९८ मध्ये किबीबाइट, गिबीबाइट अशी स्वतंत्र नावे देण्यात आली. पण ती व्यवहारात फारशी रुळली नाहीत.

अशी रूपांतरे शॅनन यांना परकी नव्हती. १९४९ मध्ये त्यांनी एका कागदावर निरनिराळ्या वस्तूंमध्ये किती बिट साठतील, याचा अंदाज मांडला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी त्यांनी धरलेला आकडा एकावर चौदा शून्ये, म्हणजे एक कोटी गुणिले एक कोटी बिट, असा होता. आठाने भागल्यास तो साडेबारा टेराबाइट भरतो. त्या काळी अवाढव्य वाटणारा हा साठा आज ४ टेराबाइटच्या चार डिस्कमध्ये मावतो.

१९५६ पासून ते एमआयटीत प्राध्यापक होते. एकचाकी सायकल चालविणे, चेंडू झेलण्याचे खेळ करणे, चक्रव्यूहातून वाट शोधणारा यांत्रिक उंदीर बनविणे, असे त्यांचे अनेक छंद होते. १९८५ मध्ये त्यांना क्योटो पुरस्कार मिळाला. अखेरच्या वर्षांत मात्र अल्झायमरने त्यांना गाठले. त्यांच्या सिद्धांतावर उभे राहिलेले इंटरनेट जगभर पसरत असताना ते समजून घेण्याची शक्ती त्यांच्यात उरली नव्हती. २४ फेब्रुवारी २००१ रोजी त्यांचे निधन झाले. माहितीचे माप जगाच्या हाती देणाऱ्या या माणसाची स्वतःची स्मृती त्यापूर्वीच हरपली होती. त्यांनी दिलेले माप मात्र फुलसावंगीतल्या मोबाईलवरही रोज वापरले जाते. वापरणाऱ्याने आठाने भागायचे तेवढे विसरू नये.