तुरुंगात काय चाललंय ते लोकांनी पाहावं, म्हणणारे शायर न्यायमूर्ती मुल्ला

तुरुंगाचा विषय निघाला की वकील मंडळींच्या तोंडी मुल्ला समितीचं नाव येतंच. अमरावती-अकोल्यात आमच्या ओळखीच्या बऱ्याच जणांना वाटतं, हे कुणी मौलाना असावेत. तसं नाही. आनंद नारायण मुल्ला हे लखनौचे काश्मिरी पंडित आणि उर्दूचे नामवंत शायर. उर्दू ही आपली मादरी जबान आहे, हे ते आयुष्यभर ठासून सांगत राहिले.

जन्म 1901 चा. वालिद जगत नारायण मुल्ला मोठे वकील. काकोरी खटल्यात सरकारची बाजू त्यांनी मांडली होती. मुलगाही वकील झाला आणि 1954 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाचा न्यायाधीश. तिथे एका निकालात त्यांनी पोलिसांवर असे कडक शेरे मारले की उत्तर प्रदेश सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1963 मध्ये ते शेरे वगळले गेले. पुढच्या वर्षी, 1964 ला, त्यांना उर्दू शायरीसाठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 1967 ला ते लखनौतून अपक्ष म्हणून लोकसभेवर गेले, नंतर राज्यसभेवरही होते.

आमच्या दृष्टीने त्यांचं सगळ्यात मोठं काम मात्र उतारवयातलं. 1980 मध्ये केंद्र सरकारने तुरुंग सुधारणेसाठी समिती नेमली, अध्यक्ष मुल्ला साहेब. वय जवळपास ऐंशी. 1983 ला अहवाल आला. मुलांची जागा तुरुंगात नाही. तरुण कैद्यांना सराईतांपासून वेगळं ठेवा, त्यांना शिक्षण द्या, हाताला हुन्नर द्या. खटला चालू असलेल्यांना शिक्षा झालेल्यांत मिसळू नका, असं त्यात होतं. शिवाय पत्रकारांनी आणि जाणत्या नागरिकांनी वेळोवेळी आत जाऊन पाहावं आणि देखरेखीसाठी कायमचा राष्ट्रीय तुरुंग आयोग असावा, असंही सुचवलं. बंद दाराआड काय चालतं ते बाहेर कळलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. तो आयोग काही झाला नाही. तुरुंग हा राज्यांचा विषय, केंद्राने फार तर नमुना नियमावली काढायची. ती 2003 आणि 2016 ला निघाली.

आपल्या वऱ्हाडाला हा विचार अगदीच नवा नव्हता. मध्य प्रांतात होतो तेव्हा 1928 चा बोर्स्टल कायदा होता आणि तरुण गुन्हेगारांसाठी नरसिंहपूरला वेगळी संस्था होती. आता अमरावतीला मध्यवर्ती कारागृह आहे, अकोल्याला जिल्हा कारागृह.

मुल्ला साहेब 1997 ला गेले. त्यानंतर 2000 च्या कायद्याने मुलगा असो की मुलगी, अठराखालचं प्रत्येक लेकरू अल्पवयीन ठरलं. 2015 च्या कायद्यात तर बाल न्याय मंडळाने दर महिन्याला निरीक्षणगृहांची (आपण रिमांड होम म्हणतो ती) पाहणी करायची आहे. मोठ्यांच्या तुरुंगात कुणी अल्पवयीन अडकलंय का, हेही मंडळानेच तपासायचं.

पण अठराखालचा हे सिद्ध कशावरून होणार? इथे गोष्ट आम्हा शिक्षकांच्या टेबलावर येते. वयाबद्दल शंका असली की आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र पाहतात. ते नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच डॉक्टरी तपासणी. आपल्या मोहल्ल्यात ॲडमिशनच्या वेळी जून-जुलैची कुठलीही तारीख सांगून मोकळे होणारे पालक आजही भेटतात. पोराचं वय वर्षभराने वाढलेलं असतं, कुणाच्या लक्षातही येत नाही. उद्या तोच पोरगा एखाद्या भांडणात उचलला गेला तर ते एक वर्ष त्याला रिमांड होमऐवजी जेलच्या बराकीत नेऊन बसवू शकतं.

एक सोय मात्र कायद्यात आहे. आरोपी घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हा मुद्दा कोणत्याही कोर्टात, कधीही, अगदी निकाल लागून गेल्यावरही काढता येतो.