समुद्राचा तळ ऐकणारे पेकेरिस

मंडळी, तोआ पायोहच्या आमच्या ब्लॉकमध्ये चार मजले खाली कुणी ड्रिल लावलं, तरी आवाज थेट आपल्या भिंतीत येतो. काँक्रीटमधून आवाज हवेपेक्षा कितीतरी वेगाने धावतो ना! अशाच साध्या गोष्टीवरून उथळ समुद्राचा तळ ओळखायचं गणित चाइम पेकेरिस यांनी बसवलं.

त्यांचा जन्म १९०८ चा, लिथुआनियातल्या आलितुस गावी, ज्यू कुटुंबात. विशीच्या आतच ते अमेरिकेत आले आणि एमआयटीत शिकले. मागे राहिलेली गावातली ज्यू वस्ती १९४१ मध्ये नाझींनी संपवली.

युद्धकाळात ते कोलंबिया विद्यापीठात संशोधन करत होते. उथळ पाण्यात पाणबुडी शोधायची तर तळ कसा आहे हे कळायला हवं, कारण वाळू आवाज परतवते, मऊ चिखल गिळून टाकतो. यूइंग आणि वॉर्झेल यांनी समुद्रात स्फोट घडवून दूरवर नोंदी घेतल्या. गंमत म्हणजे एका धडाक्याचा पुढे लांबलचक सूर झालेला! आधी तळातून धावत आलेल्या खालच्या पट्टीच्या लहरी, मागून पाण्यातल्या वरच्या पट्टीच्या. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, वाळूत सुमारे १७००. पेकेरिस यांनी पाण्याचा एक थर आणि खाली तळाचा दुसरा, एवढंच धरून कुठली लहर केव्हा पोचेल ते मांडलं. म्हणजे पोचायच्या वेळा मोजल्या, की भोक न पाडता तळातला वेग कळतो. आम्ही संगणकवाले आउटपुट बघून आतल्या कोडचा अंदाज बांधतो, तसंच. हे गणित १९४८ साली छापून आलं.

त्याच सुमारास, चाळिशीत, प्रिन्स्टन सोडून ते इस्रायलमधल्या वाइझमान संस्थेत गेले. अट एकच, संगणक बांधायचा. आइनस्टाइनना शंका होती, की एवढ्याशा देशाला तो हवा कशाला? फॉन नॉयमान यांचं मत पडलं, की दुसऱ्या कुणी हात लावला नाही तरी एकटे पेकेरिस तो सतत चालवतील. १९५५ साली ‘वाइझॅक’ सुरू झाला. (मुंबईचा ‘टिफ्रॅक’ १९६० चा, बरं का!) भरती-ओहोटी, हेलियमचा अणू, भूकंपानंतर घंटेसारखी घुमणारी पृथ्वी, सगळं त्यांनी त्यावर सोडवलं.

१९९३ साली ते गेले. या विषयातले विद्यार्थी आजही सुरुवातीला पेकेरिसचाच दोन थरांचा समुद्र सोडवतात. आपल्या सिंगापूरच्या समुद्रात मात्र नांगी कडाकड वाजवणाऱ्या कोळंब्यांच्या गोंगाटातून आधी ती नोंद वेगळी काढावी लागते.