रणांगणावर वसलेली राजधानी

व्हेनिस आणि फ्लॉरेन्स ही नगरराज्ये इटलीत वैभव भोगत होती, त्याच काळात दख्खनमध्ये एका सुभेदाराच्या मुलाने राज्य स्थापले आणि ते राजधानीच्या नावानेच ओळखले गेले. अहमदनगरची निजामशाही रूढ अर्थाने नगरराज्य नव्हती, तिचा मुलूख विस्तीर्ण होता. तरीही या राज्याची आणि नगराची जन्मभूमी एकच, भिंगारजवळचे रणांगण.

मलिक अहमदचे वडील मलिक हसन मूळचे पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातले. विजयनगरविरुद्धच्या युद्धात ते बालपणी बहमनींच्या हाती लागले आणि पुढे बीदर दरबारी सर्वोच्च पदावर पोहोचले. १४८६ मध्ये तेथेच त्यांची हत्या झाली. जुन्नरला असलेल्या अहमदपुढे शरण जाणे किंवा बंड करणे, एवढेच उरले. शिवनेरीसह भोवतालचे किल्ले त्याने आधीच घेतले होते. बंड मोडण्यासाठी आलेल्या बहमनी सेनेवर २८ मे १४९० रोजी त्याने भिंगारजवळ अचानक छापा घातला. सेनापती जहांगीर खान मारला गेला आणि अहमद स्वतंत्र झाला.

खरी डोकेदुखी होती दौलताबाद. तेथील किल्लेदार मलिक वजीह हा त्याच्या बहिणीचा नवरा. वजीहच्या भावाने, मलिक अश्रफने, वजीह आणि त्याचा लहान मुलगा अशा दोघांनाही मारून किल्ला बळकावला. बहिणीने भावाकडे दाद मागितली. अहमदने वेढा घातला. पण हा किल्ला बळाने पडणारा नव्हता. परतताना त्याने हिशेब केला. जुन्नर आणि दौलताबाद यांच्या मध्यावर राजधानी वसवायची आणि दरवर्षी पेरणी व सुगीच्या वेळी दौलताबादच्या परिसरावर चाल करून शेते उद्ध्वस्त करायची. डावपेच निर्दय होता, त्याची झळ मुख्यतः रयतेलाच बसली असणार. १४९४ मध्ये सीनाकाठी, आपल्या विजयभूमीलगत, त्याने अहमदनगरची पायाभरणी केली. दोन-तीन वर्षांतच ते बगदाद आणि कैरोच्या तोडीचे झाल्याचे फरिश्ता हा इतिहासकार सांगतो. दरबारी अतिशयोक्ती वगळली, तरी वाढीचा वेग ध्यानात येतो. १४९९ मध्ये अश्रफ मरण पावल्यावर दौलताबादने दरवाजे उघडले.

त्यानंतर अहमदला दहा-अकरा वर्षांहून अधिक आयुष्य लाभले नाही. बागरोजा येथे त्याची कबर आहे. मृत्यूसमयी त्याचा वारस बुऱ्हाण अवघ्या सात वर्षांचा होता. राज्य १६३६ पर्यंत टिकले. शहराचे नाव मात्र २०२४ मध्ये अहिल्यानगर होईपर्यंत अहमदचेच राहिले.