बाबूराव शेडमाके

विधिलिखित टळत नाहीं असें आपल्या ह्या जंगलपट्टींत जो तो म्हणतो. मोलमपल्लीचे गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यांचें चरित्र मात्र वेगळें सांगतें. त्यांचा जन्म १८३३ सालचा. १८५४ मध्यें नागपूरचें राज्य खालसा होऊन चांदा इंग्रजांकडे गेला. बाबूराव मुकाट बसते, तर जमीनदारी बहुधा राहिली असती. परंतु मार्च १८५८ मध्यें त्यांनीं गोंड व रोहिले जमवून राजगड परगणा घेतला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांस मिळाले. २९ एप्रिल रोजीं प्राणहितेकांठच्या तारखात्याच्या तळावर हल्ला होऊन दोन इंग्रज मारले गेले. तें रक्त झांकून चरित्र लिहिणें मला योग्य वाटत नाहीं. पुढें अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांनीं बाबूरावांस इंग्रजांच्या स्वाधीन केलें. हा निर्णय बाईंचा स्वतःचा. ग्रह त्यांत कोठें आले? २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं चांद्यास बाबूरावांस फांशी झाली. व्यंकटराव बस्तरांत निसटले व १८६० मध्यें पकडले गेले. गुन्हा तोच, परंतु त्यांच्या मातोश्री नागाबाई यांनीं रदबदली केली, आणि फांशीऐवजीं त्यांस जन्माचें काळें पाणी झालें.