कै. मालतीबाई बेडेकर ऊर्फ विभावरी शिरूरकर

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या दिवंगत व्यक्तीचे चरित्र देण्याची परंपरा आहे. आजवर या पानांवर कायदेपंडित आले, वैद्य आले, शिक्षणसंस्थांचे संस्थापक आले, वसतिगृहाला खोल्या बांधून देणारे दाते आले. यंदा ज्यांचे चरित्र देत आहोत, त्यांनी ज्ञातीला कोणतीही देणगी दिली नाही. उलट आपल्यासारख्या घरांतील माजघरात दडून राहिलेली एक गोष्ट त्यांनी भर चौकात आणून ठेवली आणि त्यापायी आपल्याच वाडवडिलांचा रोष ओढवून घेतला. सोलापूरशी त्यांचा संबंध तीन-चार वर्षांचाच होता. परंतु त्यांच्या सर्वांत खोल कादंबरीचे बीज याच गावात पडले. तेव्हा या पानांवरचा त्यांचा हक्क दुहेरी आहे, असे मला वाटते.

मालतीबाईंचा जन्म १८ मार्च १९०५ चा. माहेरचे नाव बाळूताई खरे. वडील अनंतराव हे शिक्षक व सुधारणावादी विचारांचे होते. पुढे १९५३ साली ‘खरेमास्तर’ या पुस्तकात मालतीबाईंनी त्यांनाच केंद्रस्थानी ठेवले. मातोश्री इंदिराबाई यांनी सुमारे पंचवीस वर्षे दुधाचा व्यवसाय स्वतः चालविला. त्या काळी आपल्या समाजातील स्त्रीने गोठा, हिशेब आणि गिऱ्हाईक सांभाळावे ही सामान्य गोष्ट नव्हती. मुलींनी शिकावे आणि स्वतःच्या पायांवर उभे राहावे, हे या घरात कोणी व्याख्यान देऊन शिकविले नसावे. ते रोज डोळ्यांसमोर घडत होते.

शालेय शिक्षणानंतर बाळूताई महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत वसतिगृहात राहू लागल्या. १९१६ साली स्थापन झालेल्या महिला विद्यापीठाची ‘गृहीतागमा’ ही पदवी त्यांनी विशीच्या आतच मिळविली. ‘रागिणी’कार वामन मल्हार जोशी हे तेथे त्यांचे गुरू. कादंबरीतून विचार मांडता येतो, आणि तो स्त्रीच्या तोंडीही घालता येतो, हे वामनरावांच्या सहवासात त्यांना उमगले असल्यास नवल नाही. पदवीनंतर त्या संस्थेच्याच कन्याशाळेत शिक्षिका झाल्या. आरंभीचे त्यांचे लेखन अभ्यासकाचे आहे. ‘अलंकारमंजूषा’ हा दागिन्यांवरील ग्रंथ आणि के. ना. केळकर यांच्यासह लिहिलेले ‘हिंदुव्यवहारधर्मशास्त्र’ ही त्याची उदाहरणे. दागिना आणि कायदा, म्हणजे स्त्रीच्या अंगावर काय घालतात आणि तिच्या हाती काय देतात, या दोन्हींचा त्यांनी नीट हिशेब केला होता. ही गोष्ट पुढील प्रकरण समजून घेण्यास उपयोगी पडेल.

त्या वेळच्या पांढरपेशा घरांची स्थिती वाचकांनी क्षणभर आठवावी. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे विवाहाचे वय चौदा ठरविले. शिक्षणाच्या प्रसाराने ते प्रत्यक्षात अठरा, वीस, पंचवीस असे वाढत गेले. याच सुमारास जगभर मंदी आली आणि कारकुनाची नोकरीसुद्धा दुर्मिळ झाली. नोकरीवाल्या वराचा भाव चढला, हुंडा चढला, आणि शिकलेली मुलगी घरात बसून राहू लागली किंवा शाळेत शिकवू लागली. तिच्या पगारावर धाकट्या भावंडांची शिक्षणे होत. तिच्या लग्नाचा विषय प्रथम दर चैत्रात, मग दिवाळीला, आणि नंतर मुळीच निघेनासा होई. अशा शेकडो मुली मालतीबाईंच्या डोळ्यांसमोर होत्या. वसतिगृहात त्या त्यांच्याबरोबर राहिल्या होत्या आणि शाळेत त्यांच्याबरोबर शिकवीत होत्या.

१९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. लेखिकेचे नाव होते विभावरी शिरूरकर. विभावरी म्हणजे रात्र, आणि आडनाव घोडनदीकाठच्या शिरूरवरून घेतलेले. त्यांतील ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ या कथेचे नाव वाचले तरी पुरे आहे. मिळवत्या थोरल्या मुलीने हा प्रश्न विचारला आणि महाराष्ट्रात वादळ उठले. वर्तमानपत्रांतून टीकेचा भडिमार झाला, सभांतून निषेध झाले. लेखिकेने कुलीन मुलींची बदनामी केली, असा मुख्य आक्षेप होता. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, हे पुस्तक स्त्रीचे नाहीच, कोणी पुरुष स्त्रीचे नाव घेऊन लिहीत आहे, असा तर्क पुष्कळांनी केला.

येथे थोडे विषयांतर करतो. हरि नारायण आपट्यांनी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः लिहिली. तीत यमू आपली हकीकत स्वतःच्याच तोंडाने सांगते. लेखक पुरुष आहे हे सर्वांना ठाऊक होते, तरीही यमूचे शब्द खरे मानून लोक हळहळले. चाळीस वर्षांनी खरोखरीच एक स्त्री लिहू लागली, तर तिचे शब्द पुरुषाचे ठरविण्यात आले. मला याचे कारण असे दिसते की, यमूसाठी रडता येत होते. तिने सोसले, आणि सोसणाऱ्या स्त्रीबद्दल कळवळा वाटणे वाचकाला सोपे जाते. विभावरींच्या नायिका सोसतात खऱ्या, परंतु त्यांना काही हवेही असते. प्रेम हवे असते, स्वतःचे घर हवे असते, शरीराची भूक त्यांना कळते. वडिलांना, भावांना, स्थळे पाहणाऱ्या काकामामांना ही गोष्ट ऐकवेना. मग ती स्त्रीने लिहिलीच नाही असे मानणे हाच सोयीचा मार्ग उरला.

टोपणनावाचे गुपित प्रकाशक ह. वि. मोटे यांनी सांभाळले. बाळूताई कन्याशाळेत शिकवीतच होत्या. ज्या पुस्तकावर गावोगाव चर्चा चालली होती, ती चर्चा त्यांना परक्या माणसासारखी ऐकावी लागत असणार. होकार देता येत नव्हता आणि उत्तरही देता येत नव्हते. लेखकाला आपल्या कथेची किंमत मोजावी लागते हे आपण ऐकतो, पण ती किंमत अशी गप्प राहून, आपल्याच तोंडावर हात ठेवून मोजणे फार थोड्यांच्या वाट्याला आले. तरीही त्या थांबल्या नाहीत. पाठोपाठ ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी आली. तिची नायिका अचला नवऱ्यापासून दुरावलेली आहे आणि दुसऱ्या पुरुषाबरोबर विवाहावाचून जीवन मांडू पाहते. हे वाचून वाचकांचा तोल गेला. परंतु धर्मशास्त्रावर ग्रंथ लिहिणाऱ्या बाईंना एक गोष्ट पक्की माहीत होती. हिंदू स्त्रीला त्या वेळी घटस्फोटाचा मार्गच नव्हता. मुंबई प्रांतात तसा कायदा १९४७ साली झाला. अचलेला नीतिभ्रष्ट म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी तिला दुसरा कोणता रस्ता मोकळा होता, हे शोधले असेल?

वाचकांवर या पुस्तकांचा काय परिणाम झाला, हे वर्तमानपत्रांतील टीकेवरून कळत नाही. टीका लिहिणारे बहुतेक पुरुष. ज्यांच्याविषयी लिहिले होते त्या मुली पुस्तक लपवून वाचीत होत्या. याचा पुरावा म्हणून मी घरची गोष्ट सांगतो. आमच्या आजोबांनी हे पुस्तक घरात येता कामा नये, अशी सक्त ताकीद दिली होती. आजी गेल्यानंतर तिची लोखंडी ट्रंक उघडली, तेव्हा तळाशी, लुगड्यांखाली, जुन्या दिनदर्शिकेच्या कागदाचे वेष्टन घातलेले ‘कळ्यांचे निःश्वास’ निघाले. वेष्टनावर किंवा आत कोणाचेही नाव नव्हते. आमची थोरली आत्या सोलापुरातील एका शाळेत चौतीस वर्षे शिकवीत होती. तिच्या पगारावर माझे वडील आणि दोन काका शिकले. ती अविवाहित राहिली. का राहिली, हे आमच्या घरात कोणी कधी विचारले नाही. ते पुस्तक आजीचे होते की आत्याचे, हे आता कोणाला विचारावयाचे?

१९३६-३७ च्या सुमारास मालतीबाईंनी शाळा सोडली आणि सरकारी नोकरी स्वीकारून त्या सोलापुरास आल्या. आपल्या शहरात ‘सेटलमेंट’ म्हटले की रिक्षावाला पत्ता विचारीत नाही. परंतु हे नाव कशावरून पडले ते नव्या पिढीतील पुष्कळांस ठाऊक नसते. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यास लागू झाला. त्यानुसार काही जमातींत जन्मलेले प्रत्येक मूल जन्मतःच गुन्हेगार ठरले. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी, भामटे, कंजारभाट अशा जमातींच्या लोकांना सोलापुरात तारेच्या कुंपणाच्या आत वसविण्यात आले. ठरल्या वेळी हजेरी द्यावयाची, बाहेर जावयाचे तर परवाना घ्यावयाचा. त्यांतील पुष्कळ स्त्री-पुरुष गिरण्यांत राबत. गिरण्यांना मजूर हवे होते आणि सरकारला पहारा हवा होता; दोघांची सोय एकाच तारेने होत होती. अशा वसाहतीवर अधीक्षक म्हणून या शिक्षिका रुजू झाल्या.

यावर थोडा विचार करावा. ज्या बाईंना आपल्याच समाजाने बदनामीचा दोष दिला, त्या आता एका अशा समाजात काम करू लागल्या, जो समाजच्या समाज कायद्याने बदनाम ठरविला होता. त्यांचे पद मात्र कुंपण राखणाऱ्यांच्या बाजूचे होते. ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहिताना त्या स्वतः त्या कळ्यांपैकीच एक होत्या. येथे त्या हजेरी घेणाऱ्या सरकारच्या नोकर होत्या. दुसऱ्याचे दुःख लिहिण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, हा प्रश्न त्यांना पडला असेल किंवा नसेल; परंतु त्यांनी लिहिण्याची घाई केली नाही, एवढे खरे. १९३८ साली चित्रपट-दिग्दर्शक व लेखक विश्राम बेडेकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढल्याच वर्षी विश्रामरावांची ‘रणांगण’ प्रसिद्ध झाली. १९४० मध्ये मालतीबाईंनी नोकरी सोडली. आणि सोलापूर सोडल्यावर दहा वर्षांनी, १९५० साली, ‘बळी’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली.

‘बळी’ ही तारेच्या आतील माणसांची कथा आहे. मांग-गारुडी समाजाचे जिणे, सुधारणेच्या नावाखाली चाललेली त्यांची कुचंबणा, आणि सुधारू पाहणाऱ्या माणसाचीही होणारी कोंडी तीत आली आहे. मुंबई प्रांतात गुन्हेगार जमातींचा कायदा १९४९ मध्ये रद्द झाला आणि सबंध देशात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. म्हणजे पुस्तक वाचकांच्या हाती आले तेव्हा सोलापुरातील हजेरी नुकतीच थांबली होती. जाणकारांनी कादंबरीची वाखाणणी केली. परंतु १९३३ सारखे वादळ उठले नाही, आणि मला ही गोष्ट आजही टोचते. आपल्या घरातील मुलीच्या मनात काय आहे हे लिहिले, तेव्हा सभा भरल्या. आपल्याच गावात हजारो माणसे तारेच्या आत ठेवली होती हे लिहिले, तेव्हा आपण ते उत्तम साहित्य म्हणून वाचले आणि पुस्तक फडताळात ठेवून दिले. वाचकाला राग येतो तो पुस्तक त्याच्या घरात शिरले म्हणजेच. मालतीबाई दोन्ही ठिकाणी तितक्याच खरेपणाने लिहीत होत्या. दार आपले नव्हते, एवढाच फरक.

पुढे त्या समाजांतील तरुण स्वतः लिहू लागले. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली आले. ही आत्मकथने ‘बळी’च्या पुढे गेली, आणि ते रास्तच होय. बाहेरून आलेल्या माणसाला जे दिसते त्याला मर्यादा असते. पण ही पुस्तके येण्यापूर्वी तीस वर्षे त्या विषयावर मराठीत एक दिवा जळत होता आणि तो आपल्यापैकी एका स्त्रीने लावला होता, हेही विसरू नये.

त्यांच्या उत्तरायुष्यातील एकच प्रसंग सांगतो. १९८१ साली सरकार आणि साहित्य संमेलन यांच्या संबंधांवरून वाद पेटला. अकोल्यास गो. नी. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय संमेलन भरले, तर सरकारी वर्चस्वाचा निषेध म्हणून मुंबईत समांतर साहित्य संमेलन भरले. त्याचे अध्यक्षपद पंचाहत्तरीच्या मालतीबाईंनी स्वीकारले. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी ज्यांना नाव लपवून लिहावे लागले होते, त्या उघड नावाने, उघड व्यासपीठावर उभ्या राहिल्या. विश्रामराव १९९८ साली गेले. मालतीबाईंचे निधन ७ मे २००१ रोजी झाले.

या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर नेहमीप्रमाणे वधू-वर सूची छापली आहे. तीत वधूंची शिक्षणे आणि वेतने दिली आहेत. अपेक्षांचा रकाना मात्र पालकांनी भरला आहे. पुढील वर्षापासून तो रकाना मुलींनी स्वतःच्या हस्ताक्षरात भरून पाठवावा, अशी सूचना मी कार्यकारी मंडळाकडे दिली आहे. तिचा निर्णय वार्षिक सभेत व्हावयाचा आहे. त्याचप्रमाणे मालतीबाईंच्या सोलापुरातील वास्तव्याच्या आठवणी, पत्रे अथवा छायाचित्रे ज्या कुटुंबांकडे असतील, त्यांनी ती मंडळाच्या कार्यालयात पाहावयास द्यावीत. नक्कल करून मूळ प्रत परत केली जाईल.