श्रमाला योग्य जागा मागणारे अर्थतज्ज्ञ : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

बडोद्याची संकल्पभूमी आपल्या सर्वांना ठाऊक आहे. १९१७ साली तिथे जे घडले, त्यात एक आर्थिक धडाही आहे. बडोदा संस्थानाने पैसा खर्च करून एका तरुणाला अमेरिकेत शिकवले. बदल्यात त्याने दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा करार होता. पण कचेरीत शिपाई त्याच्याकडे फाइली दुरून फेकत आणि शहरात त्याला राहायला खोली मिळेना. काही दिवसांतच तो मुंबईला परतला. अर्थशास्त्राचे उत्तम ज्ञान तयार होते, त्यावर खर्चही झाला होता, पण जातीने ते कामाला लागू दिले नाही.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठातून १९१५ साली एम.ए. झाले. बडोद्याहून परतल्यावर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांचा भारतातील लहान शेतजमिनींवरचा निबंध प्रसिद्ध झाला.

तेव्हा अनेक जाणकार शेताचे तुकडे जोडा, म्हणजे उत्पन्न वाढेल, असे सांगत होते. बाबासाहेबांनी वेगळी मांडणी केली. शेत लहान की मोठे, हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. त्यावर राबणारे हात, बैल, अवजारे आणि भांडवल यांचा मेळ बसतो का, ते पाहावे लागते. भारतात अवजारे व भांडवल अपुरे होते आणि जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसे पोसली जात होती. हे जादा हात रिकामे राहत, पण खाणारी तोंडे कायम असत. त्यामुळे शिल्लक उरत नसे आणि भांडवल साठत नसे. उपाय होता उद्योगीकरण. जादा हातांना उद्योगात काम मिळाले की शेतीवरचा भार हलका होईल, असा त्यांचा निष्कर्ष होता.

पण गावातला माणूस उद्योगाकडे जाणार कसा? महार वतनाने त्याला चोवीस तासांच्या राबणुकीत तुटपुंज्या मोबदल्यावर बांधून ठेवले होते. म्हणून १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले.

जे मुंबईच्या गिरणीत पोहोचले, त्यांच्याही वाटेत जात उभी होती. विणकाम खात्यात मजुरी जास्त, पण तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. धोट्यात सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, म्हणून सवर्ण कामगारांना विटाळ वाटे. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. त्याच वर्षी त्यांनी दाखवून दिले की जात ही कामाची नव्हे, काम करणाऱ्यांचीच विभागणी आहे. एक धंदा बुडाला तरी जातीमुळे माणूस दुसरा धरू शकत नाही, आणि बेकारीचे हे एक मोठे कारण आहे.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री होते. आता हा विचार धोरणात उतरवायची संधी होती. तांत्रिक प्रशिक्षणाची योजना त्यांच्याच खात्याकडे होती. काम शोधणारा आणि काम देणारा यांची गाठ घालणारी सेवायोजन कार्यालये याच काळात सुरू झाली. कारखान्यातील कामाचा आठवडा ४८ तासांवर आला. दामोदर खोऱ्याच्या योजनेत पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज यांचा एकत्र विचार झाला. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत अनुसूचित जातींच्या मुलांना उमेदवारी मिळावी, हा आग्रहही त्यांनी सरकारपुढे धरला.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांनी विचारलेला प्रश्न अजून आपल्या वस्तीत आहे. आयटीआय झालेला मुलगा घरोघरी पार्सल पोहोचवतो, पदवीधर मुलगी घरी बसून राहते, आणि गटारात उतरायला आजही ठरावीक समाजाचाच माणूस बोलावला जातो. नुकसान त्या घराचे होते, तसे देशाचेही होते.

येत्या जयंतीला मिरवणुकीबरोबर एक संध्याकाळ अभ्यासवर्गाला देऊया. १९१८ चा तो निबंध एकत्र वाचूया आणि वस्तीतले कोणते कौशल्य कुठे अडकून पडले आहे, याची यादी करूया. पुढची मागणी त्या यादीतूनच ठरेल.

जय भीम!